जुलाब थांबवण्याआधी पाणी

पावसाळा लागला की बालरोगतज्ज्ञांकडे जुलाबाच्या मुलांची गर्दी होते. घरात मात्र अजूनही पहिला विचार येतो तो जुलाब ‘बंद’ करण्याचा. पोटाला आराम म्हणून पाणी तोडले जाते, दूध थांबवले जाते. हीच चूक सर्वांत महागात पडते, कारण मूल दगावते ते बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ मध्ये बनगावजवळच्या निर्वासितांत पटकी पसरली, सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पाजून रुग्ण वाचवले. तेच ओआरएस आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवावी. चिमूटभर ग्लासात टाकून अंदाज करू नये. दुकानातली गोड पेये त्याची जागा घेत नाहीत. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे.

मूल मलूल पडले, पाणी पिईना, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा प्रत्येक घोट उलटतो आहे, तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर जुलाब दिसताच दाखवावे.