अर्थाची घाई

स्टॅन्ले कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट १९६८ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत प्रथम दाखविण्यात आला. त्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तरी त्याचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी घरातील बैठकीचे दोन तट पडावयाचे ते पडतातच. एक पक्ष म्हणतो, की हा चित्रपट म्हणजे प्रेक्षकांच्या सहनशीलतेची परीक्षा होय. त्यात काही घडत नाही, आणि जे घडते त्याचा अर्थ लागत नाही. दुसरा पक्ष पहिल्याकडे किंचित कीव येऊन पाहतो आणि म्हणतो, की अर्थ लागत नाही हा दोष तुमचा. आम्हांस तो पुरता लागला आहे, इच्छा असल्यास समजावून देतो. या दोहोंपैकी पहिल्या पक्षाशी माझे भांडण थोडे आहे. दुसऱ्याशी मात्र ते कडाक्याचे आहे, आणि प्रस्तुत लेख मुख्यत्वे त्यासच उद्देशून आहे.

पहिल्या पक्षाची बाजू आधी ऐकून घेऊ. चित्रपट सुरू होतो तो जवळजवळ तीन मिनिटे पडदा काळाच राहतो. लिगेती यांचे अंगावर काटा आणणारे संगीत तेवढे ऐकू येते. पुढे वानरसदृश आदिमानव, त्यांचा पाणवठा, त्यांच्यामध्ये एके पहाटे उभी राहिलेली काळी गुळगुळीत शिळा, आणि हाडाचे झालेले पहिले शस्त्र. मनुष्याच्या तोंडचा पहिला शब्द कानी पडेपर्यंत सुमारे २५ मिनिटे उलटलेली असतात, आणि अखेरची सुमारे २० मिनिटे पुन्हा संवादावाचूनच जातात. पहिल्या खेळांस आलेल्यांपैकी पुष्कळजण मधूनच उठून गेले, आणि खुद्द कुब्रिक यांनी त्यातील सुमारे १९ मिनिटांचा भाग काढून टाकला. पॉलीन केल यांच्यासारख्या तिखट लेखणीच्या समीक्षिकेने या कृतीस कल्पनादारिद्र्याचा अवाढव्य नमुना ठरविले. अँड्र्यू सॅरिस यांनी प्रथम नापसंती व्यक्त केली आणि पुढे पुन्हा पाहून मत फिरविले. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा हाच चित्रपट पहिला आला. म्हणून कंटाळलेला प्रेक्षक खोटा ठरतो असे नव्हे. कौल हे रसिकतेचे प्रमाण नव्हे, आणि जांभई ही खोटी देता येत नाही. ज्यास कंटाळा आला तो निदान पडद्याकडे पाहत होता, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

तथापि या पक्षास एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. आमच्यातील हीच मंडळी पुण्यास सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत शाल लपेटून तास तास बसतात. गवई दोन ओळींची बंदिश घेऊन पाऊण तास विलंबित ख्याल विस्तारतो. त्या दोन ओळींतील शब्द बहुधा धड ऐकूही येत नाहीत. ध्रुपदाच्या नोम-तोमचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर हीच मंडळी त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. मग कानास जी सवलत आपण आनंदाने देतो, ती डोळ्यांस देताना इतकी कृपणता का? विलंबित लय ही गायकाच्या आळसामुळे विलंबित नसते. एका स्वरावरून दुसऱ्याकडे जाताना मधली वाट ऐकू यावी, म्हणून ती तशी असते. चित्रपटातील संथपणाही असाच तपासावा. तो स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. त्याने काय साधले एवढेच पाहावयाचे.

येथे काय साधले ते पाहा. अंतराळयान फिरत्या स्थानकाशी जुळते तो प्रसंग कुब्रिक यांनी योहान श्ट्राउस यांच्या 'ब्लू डॅन्यूब' या वॉल्ट्झच्या सुरांवर मिनिटामागून मिनिटे चालविला आहे. हाच प्रसंग दहा सेकंदांत उरकला असता, तर यान फलाटास लागले एवढी बातमी मिळाली असती. तो लांबल्यामुळे वर-खाली हा भेदच नाहीसा होतो, प्रचंड वस्तूंस वजन नसले म्हणजे त्या कशा हालतील हे बुद्धीस कळण्यापूर्वी शरीरास कळते. मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले ते १९६९ च्या जुलैत. म्हणजे हा अनुभव त्यापूर्वी वर्षभर आधीच प्रेक्षकांस मिळाला होता. निर्वात पोकळीत आवाज जात नाही, ही शाळेतल्या पोरासही ठाऊक असलेली गोष्ट अंतराळपटांचे बहुतेक कर्ते सोयीस्करपणे विसरतात. येथे यानाबाहेर ऐकू येतो तो केवळ शिरस्त्राणातील श्वास. तो श्वास आपण इतका वेळ ऐकतो, की पूल या अंतराळवीराचा घात होतो आणि आवाज एकाएकी बंद पडतो, तेव्हा निराळी किंकाळी लागत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. आमच्या पारशिवनीच्या उत्तरेस पेंचचे अरण्य आहे. या व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागास २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. म्हणजे तेथील रात्र अद्याप खरोखर काळी आहे, यावर जाणत्यांनी शिक्कामोर्तब केले. अशा अंधारात तारे पाहावयास बसणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो थांबण्याचा. डोळा काळोखास पुरता सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. आरंभी मोजक्याच चांदण्या दिसतात, मग हळूहळू त्यांच्यामागच्या, मग आकाशगंगेचा पट्टा. इतक्यात शेजारच्या उत्साही गृहस्थाने नक्षत्राचे नाव शोधण्यासाठी मोबाइलचा झगझगीत पडदा उघडला, की सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. त्या गृहस्थाचा हेतू वाईट नसतो. त्यास ज्ञान द्यावयाचे असते.

'२००१'चे भाष्यकार नेमके हेच करतात. काळी शिळा म्हणजे परग्रहवासीयांचे यंत्र. शेवटचा पांढरा शयनकक्ष म्हणजे त्यांनी मनुष्यास ठेवण्यासाठी बांधलेले दालन. तारकाबालक म्हणजे मानवाची पुढील पायरी. झाले, कुलूप उघडले! ही किल्ली कोठून आणली असे विचारले, की आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीकडे बोट दाखवितात. क्लार्क हे पटकथेचे सहलेखक होते आणि त्याच नावाची त्यांची कादंबरी १९६८ सालीच, पण चित्रपटानंतर, प्रसिद्ध झाली, हे खरे. पण कादंबरीतील यान शनीकडे जाते, चित्रपटातील गुरूकडे! ज्या दोन कृतींचा ग्रहसुद्धा एक नाही, त्यांतील एकीचे उत्तर दुसरीच्या प्रश्नास चिकटवावयाचे, ही कोणती समीक्षा? यानावरील हॅल हा संगणक का बिघडला, याचा खुलासाही क्लार्क यांनी पुढे १९८२ सालच्या दुसऱ्या कादंबरीत केला. तो वाचून भाष्यकारांचे समाधान झाले. प्रेक्षकाची अस्वस्थता मात्र त्या खुलाशाने फुकट गेली.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. स्पष्टीकरण देण्याचे कुब्रिक यांस सुचले नाही, असे मुळीच नव्हे. चित्रपटाच्या आरंभी जोडण्यासाठी नामांकित शास्त्रज्ञांच्या मुलाखती चित्रित झाल्या होत्या. प्रसंगांचा उलगडा करणारे निवेदनही योजले होते. हे सर्व हाताशी असता त्यांनी ते गाळले. शिल्पकाराने छिन्नीने उडविलेले तुकडे गोळा करून मूर्तीस पुन्हा डकविणाऱ्यास आपण तिचा भक्त म्हणू काय?

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो पोकळ नाही. अशाने कोणीही काहीही धूसर करून ठेवावे, आणि विचारणा होताच 'मौनातच कला आहे' म्हणून मिशीवर ताव द्यावा! राजाच्या अदृश्य वस्त्रांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु धूसर कृती आणि अनेकार्थी कृती यांतला फरक ओळखणे फारसे कठीण नाही. धूसर कृतीत तपशीलच डळमळीत असतात. खऱ्या अनेकार्थी कृतीत प्रत्येक तपशील लख्ख असतो. मोकळा ठेवलेला असतो तो त्यांमधला सांधा. शीतनिद्रेतील तीन अंतराळवीरांस हॅल मारतो, तेव्हा पडद्यावर रक्ताचा थेंब नाही की धावपळ नाही. त्यांच्या हृदयाच्या आणि श्वासाच्या रेषा एकामागून एक सपाट होत जातात आणि यंत्र शांतपणे तशी नोंद दाखविते. यात धूसर काय आहे? पुढे बोमन हॅलची स्मृती एकेक कप्पा काढून विझवितो, आणि तो संगणक आपणास भीती वाटत असल्याचे सांगत अखेर 'डेझी बेल' हे जुने गाणे गाऊ लागतो. (१९६१ साली बेल प्रयोगशाळेत आय. बी. एम. ७०४ या यंत्राकडून हेच गाणे म्हणवून घेतले होते. ज्यास ते ठाऊक असेल त्यास येथे हसू आणि हुंदका एकदमच येतो.) आता शेजारी ठेवा दुसरे दृश्य : पूलचे आईबाप दूरवरून त्यास वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडतात आणि तो दिव्याच्या उन्हात पडल्या पडल्या त्या निर्विकारपणे ऐकतो. माणूस गार आणि यंत्र काकुळतीस आलेले. हे दोन्ही प्रसंग काचेसारखे स्वच्छ आहेत. त्यांवरून माणसाविषयी काय ठरवावयाचे, ते तेवढे प्रेक्षकावर सोपविले आहे.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नव्हे. बोमनच्या प्रवासातील रंगीबेरंगी प्रकाशाचा पट्टा मला आजही लांबलेला वाटतो. रंग पालटलेल्या डोंगरदऱ्यांचे जे तुकडे तेथे येतात, त्यांत नवलाई फार वेळ टिकत नाही. आंद्रेई तार्कोव्हस्की यांस तर हा सारा चित्रपटच निर्जीव वाटला, आणि त्यांनी १९७२ साली 'सोलारिस' काढला. त्यात टोकियोच्या रस्त्यांवरून एक मोटार कित्येक मिनिटे नुसती धावतच राहते! संथपणाचा कंटाळा येऊन त्यांनी तो काढला नव्हता, एवढे तरी यावरून सिद्ध व्हावे.

प्रश्न केवळ एका परदेशी चित्रपटाचा असता, तर एवढी शाई खर्चिली नसती. अर्थाची ही घाई आमच्या अंगी शाळेपासून मुरलेली आहे. कविता वाचली की 'कवीस काय सांगावयाचे आहे?' हा प्रश्न, आणि त्याचे पाच ओळींचे उत्तर मार्गदर्शिकेत तयार. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दुर्बोधतेचा केवढा गिल्ला झाला! तो शमला, आणि आज त्याच कवितांची सुबोध टिपणे परीक्षार्थी पाठ करतात. यापैकी अधिक अन्याय कोणता, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. विज्ञानकथेबाबत आमची अपेक्षा आणखीच पक्की आहे, आणि तिचे कारण आदरणीय आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा धाडली आणि तीस पहिले पारितोषिक मिळाले. विज्ञान सामान्य वाचकांच्या घरी पोचावे, ही त्यांची तळमळ होती आणि ती त्यांनी २०२५ मधील निधनापर्यंत सोडली नाही. त्या ऋणातून मराठी वाचक मुक्त होणार नाही. पण विज्ञानकथेने शेवटी काही शिकविलेच पाहिजे, असा नियम त्यातून आपणच परस्पर काढला. विज्ञानाचे एक अंग उत्तर सांगण्याचे. दुसरे, उत्तर नसता वर्षानुवर्षे प्रश्नाजवळ बसून राहण्याचे. कुब्रिक यांनी हे दुसरे अंग चित्रपटात आणले.

मराठीतही असे बसावयास लावणारे काम झाले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात अखेरीस न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो; संपले असे वाटते, आणि चित्रपट पुढे सुरूच राहतो. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेताना दिसतात. त्या चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तरी 'फार संथ बुवा' हा शेरा त्याच्याही वाट्यास आलाच. त्या काळ्या पडद्याशी जे उठून गेले, त्यांचे नुकसान त्यांस कोणी सांगितल्याखेरीज कळणार नाही.

भाष्यकारांस माझे मागणे एवढेच आहे. घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास वा मुलीस '२००१' दाखवावयाचा असेल तर अवश्य दाखवा. दिवे मालवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आरंभीची काळी तीन मिनिटे पुढे ढकलू नका. चित्रपट चालू असता कानाशी कुजबुजू नका आणि संपताच प्रवचन सुरू करू नका. पेंचच्या जंगलातून परतलेल्यास आपण दारातच 'वाघ दिसला का?' असे विचारतो, आणि बिचारा 'नाही' म्हणाला की त्याने पाहिलेला पाणवठा, ऐकलेली सांबराची हाक, सारे जमेतून वजा होते. 'अर्थ कळला का?' हा प्रश्न त्याच जातीचा. त्याऐवजी दुसरे दिवशी, जेवताना, काय काय पाहिले एवढेच विचारावे. पोरीने फक्त 'मला हॅलची दया आली' म्हटले, तर तिला तेथेच थांबू द्यावे. शिळा कोणी पाठविली, याचा हिशेब तिला पुढे हवा वाटला तर क्लार्क यांचे पुस्तक कपाटात आहेच.