अंगठा मराठी, निकाल इंग्रजी

फराळाचे ताट पुढ्यात असताना कोर्टकचेरीचा विषय काढू नये, असा आमच्या घरातला दंडक होता. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तर आपण मुलांना पाढ्यांसारखी पाठ करवतो. पण ज्या समाजातले शहाणे लोक न्यायमंदिराची पायरी टाळतात, तिथे खोट शहाण्यांत की मंदिरात, हे कोणी विचारीत नाही. वाचकांची क्षमा मागून आज मी ते विचारणार आहे.

निमित्त आमच्या गावच्या एका काकूंचे. नवरा गेल्यावर पुतण्यांनी बांध कोरला आणि दोन एकरांचा दावा उभा राहिला. तालुक्याच्या कोर्टात काकूंनी जबानी दिली ती आपल्या मराठीत. कागदावर अंगठा उठवला तोही, म्हणायचे तर, मराठीच. दावा वरच्या कोर्टात गेला आणि वर्षांनी निकाल आला. चौदा पाने, सगळी इंग्रजी. काकू ती घेऊन माझ्याकडे आल्या. “हरले ते वकीलसाहेबांनी सांगितलं. पण का हरले रे बाबा? आणि यात मी बोललेलं कुठं आहे?” त्या चौदा पानांत काकू होत्या, पण ‘अपीलकर्ती क्रमांक दोन’ म्हणून. त्यांचे बोलणे अडीच ओळींत उरले होते, आणि ते आपलेच, हे त्यांना ओळखता येत नव्हते.

निकाल चूक होता असे मी म्हणत नाही. कदाचित तो तंतोतंत बरोबर असेल. परंतु हरणाऱ्याला आपण का हरलो हे कळणे हा न्यायाचा अर्धा भाग आहे. ते कळले नाही, तर निकाल म्हणजे आभाळातून पडलेली वीज. सोसायची, समजून घ्यायची नाही.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाने, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. पण त्याच कलमाने एक खिडकीही उघडी ठेवली आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपालांना राज्याची भाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात आणता येते, आणि १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी भाषांतर जोडून निकालसुद्धा त्या भाषेत देता येतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या खिडकीतून केव्हाच आत शिरले. तमिळनाडू, गुजरात, कर्नाटक यांनी दार ठोठावले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. म्हणजे हिंदीला जे चालते ते तमिळला, गुजरातीला चालत नाही! आणि आपण? महाराष्ट्राने १९९८ साली अधिसूचना काढून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवली आणि मोहीम फत्ते झाली अशा थाटात लोडाला टेकून बसला.

अलीकडे समाधानाची निमित्तेही पुष्कळ मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात ठरली. पेढे वाटले गेले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले. सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली. ही गोष्ट खरोखरच चांगली झाली. पण न्यायालय घराजवळ आले म्हणून ते घरच्या भाषेत बोलू लागले असे नव्हे. एस.टी.चे भाडे कमी झाले, दुभाष्याचे नाही.

“पण आता निकालांची भाषांतरे होतात की!” होतात. निवडक निकालांची होतात, यंत्राच्या साहाय्याने होतात, आणि खाली टीप असते की अधिकृत काय ते इंग्रजीच. भाषांतराच्या भरवशावर मराठी माणसाने केवढी किंमत मोजली आहे, हे तरी आठवावे. १९०८ साली टिळकांवर खटला झाला तो मराठी अग्रलेखांवरून. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी; त्यांच्यापुढे ठेवले गेले इंग्रजी भाषांतर. भाषांतराने मूळ अर्थाचा विपर्यास केला आहे, हे टिळक परोपरीने सांगत राहिले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा भोगायला मंडालेला गेले. पुढे १९५६ मध्ये त्याच न्यायालयात त्यांचा स्मृतिफलक बसला. फलक बसवणे आपल्याला छान जमते.

विरोधकांचा दुसरा मुद्दा असा की, न्यायाधीश परप्रांतातूनही येतात. त्यांनी मराठी कुठून आणावी? मुद्दा खोटा नाही. भाषांतराचा बोजा कोणीतरी उचलायलाच हवा. तो सरकारने उचलावा की काकूंनी, एवढाच प्रश्न आहे. आणि आजवर तो काकू उचलीत आल्या आहेत.

तिसरा मुद्दा, मराठीत कायद्याचे शब्द नाहीत. हा मात्र निखालस खोटा. फिर्याद, कैफियत, दरखास्त, जामीन, पंचनामा, जप्ती, हुकूमनामा, वकीलपत्र हे शब्द अडाण्यालाही कळतात, कारण त्याने ते सोसलेले आहेत. फारसीतून आले असतील. आता ते आमचेच. पण आमच्या पंडितांना ते विटाळ वाटतात. त्यांनी ‘करार’ हा खणखणीत शब्द बाजूला सारून ‘संविदा’ आणली आणि जबानीची ‘अभिसाक्ष’ केली. असल्या मराठीत निकाल मिळाला तर काकू पुन्हा माझ्याकडेच येतील. इंग्रजीऐवजी दुसरे कुलूप नको आहे; किल्ली हवी आहे.

तेव्हा मागणे दोनच. राज्य सरकारने ३४८ व्या कलमाची खिडकी नेटाने ठोठवावी, आणि ती उघडेपर्यंत प्रत्येक पक्षकाराच्या हाती निकालाबरोबर सोप्या मराठीतली प्रत फुकट द्यावी.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण करंजीकडे वळावे, हे मला मान्य नाही. इंग्रजी फाडणारा वकील तो मोठा, असे कोण मानतो? आपणच. मराठीत अर्ज लिहिणाऱ्या वकिलाला ‘तालुक्याचा’ म्हणून कोण हिणवतो? आपणच.

काकूंना ती चौदा पाने मी तीन संध्याकाळी बसून समजावून सांगितली. शेवटी त्या म्हणाल्या, “असं होय! मग हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते का?” त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि त्या शांतपणे घरी गेल्या. हरलेला माणूस असा शांतपणे घरी जाणे, यालाच मी न्याय म्हणतो. आणि तो कोर्टाने द्यायचा असतो, शेजाऱ्याने नव्हे.