नोंद ज्याची, नाव त्याचे

पुण्यातील अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी बी.ए.एम.एस. पदवीधर असतो, ही गोष्ट वैद्यकव्यवसायात कोणास नवीन नाही. दाखल झालेल्या रुग्णाचा वृत्तांत तोच घेतो, नाडी व रक्तदाब तोच पाहतो, तज्ज्ञांना दूरध्वनी तोच करतो आणि त्यांनी सांगितलेले आदेश केसपेपरवर तोच उतरवितो. कागद होता तोवर निदान हस्ताक्षरावरून तरी लिहिणारा ओळखता येत असे. आता कागदाची जागा संगणक घेत आहे आणि संगणकावर सर्वांचे अक्षर सारखेच असते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्हांस एकच मुद्दा मांडावयाचा आहे. संगणकीय आरोग्यनोंदीत वैद्याने लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच्याच नावाने, पदवीने व नोंदणीक्रमांकाने राहिली पाहिजे. आणि हा आग्रह धरण्याची वेळ आताच आहे.

वैद्याच्या साहाय्यकाची कल्पना आपणांस परकी नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चतुष्पाद सांगताना भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चार पाद मानले आणि उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे गुण असावेत असे सांगितले. आधुनिक काळात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलात वैद्यकीय मदतनिसाचे काम केलेल्या तरुणांना हाताशी धरून 'फिजिशियन असिस्टंट' हा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. आपल्या देशात तो १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनने आणला. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत स्थान दिले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फिजिशियन असिस्टंट ही वेगळी शैक्षणिक अर्हता आहे, आणि ती धारण करणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच आहे. बी.ए.एम.एस. पदवीधर मात्र कायद्याने स्वतंत्र नोंदणीकृत वैद्य आहे. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा क्रमांक तो धारण करतो. रुग्णालयात तज्ज्ञांच्या हाताखाली तो जे काम करतो ते साहाय्यकाच्या कामासारखे दिसते, म्हणून त्याची गणना त्या वर्गात करणे किंवा त्याला नुसतेच 'डॉक्टर' म्हणून मोकळे होणे, हे दोन्ही चुकीचे होय. इंग्लंडात साहाय्यकांच्या नामाभिधानावरून मोठा वाद झाला. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेंग अहवालाने तेथील 'फिजिशियन असोसिएट' हे नाव बदलून 'असिस्टंट' करावे अशी शिफारस केली; कारण समोरची व्यक्ती डॉक्टर आहे की नाही, हेच रुग्णांना कळत नव्हते. आपल्याकडे रुग्णाला हा प्रश्न विचारण्याचीही सवय नाही. मग नोंदीने तरी त्याचे उत्तर द्यावयास नको काय?

कायद्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न गौण नाही. १९९८ साली डॉ. मुख्त्यार चंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भारतीय वैद्यकाच्या पदवीधराला आधुनिक औषधे देण्याचा अधिकार संबंधित राज्याच्या कायद्याने दिला असेल तरच आहे. महाराष्ट्रातील आपली स्थिती येथील कायदा व शासकीय अधिसूचना यांवर उभी आहे. ज्याचा अधिकार राज्यातील नोंदणीवर अवलंबून आहे, त्याची नोंदणी त्याने लिहिलेल्या आदेशाजवळ दिसू नये, ही विसंगती नव्हे काय?

संगणकीय नोंदींची तरतूद तर या बाबतीत आपल्या बाजूची आहे. केंद्र शासनाने २०१३ साली प्रसिद्ध केलेली व २०१६ साली सुधारलेली इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके वापरकर्त्याची ओळख पटविण्यावर आणि प्रत्येक बदलाचा माग ठेवण्यावर भर देतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णासाठी चौदा अंकी 'आभा' क्रमांक आहे, तशीच आरोग्यव्यावसायिकांची नोंदवहीही आहे, आणि तिच्यात आयुर्वेदाच्या वैद्यांना स्थान आहे. म्हणजे यंत्राची तयारी आहे; अडचण आहे ती वापरणाऱ्यांच्या रीतीभातीची.

ही रीत कोणती, हे रात्रपाळी केलेल्या कोणाही समव्यवसायिकास विचारावे. वॉर्डातील संगणक सकाळी एकाच्या नावाने उघडला जातो आणि रात्रीपर्यंत त्याच नावाने चालू राहतो. तज्ज्ञांचा परवलीचा शब्द परिचारिकेपासून निवासी वैद्यापर्यंत सर्वांना पाठ असतो. कालची नोंद उचलून आज चिकटविली जाते आणि त्यातील चूकही तशीच पुढे सरकते. पहाटे तीन वाजता वैद्याने रुग्णाचा श्वास बिघडलेला पाहिला, दूरध्वनी केला आणि आदेश घेऊन उपचार दिले, तर यंत्राच्या लेखी हे सर्व घरी झोपलेल्या तज्ज्ञांनी केलेले असते. रुग्ण बरा झाला तर वैद्याच्या दक्षतेचा पुरावा उरत नाही. तक्रार झाली तर त्याच्यापाशी बचावाचे साधन नसते, आणि तज्ज्ञांवर न लिहिलेल्या ओळींचे उत्तर देण्याची पाळी येते. सर्वांत मोठी हानी रुग्णाची होते. 'हे तुम्ही नेमके काय पाहून लिहिलेत?' असे दुसऱ्या दिवशी विचारावयाचे झाल्यास कोणास विचारावे, हेच कळत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. 'काढा घेता का? चूर्ण, गुग्गुळ, भस्म काही चालू आहे का?' असे रुग्णास आपुलकीने विचारू शकणारा माणूस त्या मजल्यावर बहुधा निवासी वैद्यच असतो. डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्ण ही माहिती एरवी दडवितो. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटू शकते. तोच रुग्ण मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेत असेल तर हृदयाच्या गतीवर संकट येऊ शकते. एवढी मोलाची माहिती वैद्य मिळवितो आणि यंत्रात तिला रकाना नसल्याने ती हवेत विरते. चरकाचार्यांनी रोग्याच्या गुणांत स्मृती व ज्ञापकत्व, म्हणजे आठवण व सांगण्याची क्षमता, यांची गणना केली आहे. जेथे रुग्णाची स्मृती कमी पडते तेथे तिला आधार देणे, हेच संगणकीय नोंदीचे खरे प्रयोजन होय.

शब्दांची तयारीही आता झालेली आहे. २०१७ च्या 'नमस्ते' पोर्टलने आयुर्वेदीय व्याधिनामांना प्रमाणित संकेतांक दिले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतील पारंपरिक वैद्यकाचे दुसरे मॉड्यूल नवी दिल्लीत प्रसिद्ध केले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा समावेश आहे. 'आमवात' हा शब्द संगणकास समजत नाही, ही सबब यापुढे चालणार नाही.

यावर आक्षेप येईल, की नाव लागले म्हणजे जबाबदारीही लागली. मग संकट ओढवून का घ्यावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तुटपुंज्या वेतनावर बारा-बारा तास राबणाऱ्या तरुण वैद्यास न्यायालयाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जबाबदारी नाव लपविल्याने टळत नाही. रुग्णालयाच्या हजेरीपत्रकावर तो त्या रात्री हजर असतोच. केवळ त्याने काय पाहिले, किती वाजता कळविले आणि त्यास काय सांगण्यात आले, हे सिद्ध करणारे कागद त्याच्या हाती राहत नाहीत. नावाची नोंद हेच त्याचे कवच आहे.

तेव्हा पुण्यातील वैद्यसंघटनांनी रुग्णालयांच्या व्यवस्थापनांपुढे चार मागण्या एकत्र ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक निवासी वैद्यास स्वतंत्र प्रवेशनाम मिळावे व त्यासोबत पदवी आणि नोंदणीक्रमांक दिसावा. दूरध्वनीवरून घेतलेला आदेश तसाच, वेळेसह, नोंदला जावा व तज्ज्ञांनी ठरावीक मुदतीत त्यास संमती द्यावी. चालू असलेल्या आयुर्वेदीय औषधांसाठी वेगळा रकाना असावा. आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिण्याची सक्ती कोणावरही होऊ नये. यांपैकी एकाही मागणीस मोठा खर्च येत नाही.

याची सुरुवात स्वतःच्या चिकित्सालयापासूनही करता येईल. प्रकृती, सार, सात्म्य व अग्नी यांची नोंद आपणच नीट ठेवीत नसू, तर दुसऱ्याच्या यंत्रात रकाना मागण्याचा नैतिक अधिकार आपणांस कोठून येणार? नाव घालून लिहिण्याची सवय लागली, की विचार करून लिहिण्याची सवयही पाठोपाठ येते. सुज्ञ वैद्यबंधू-भगिनींनी याचा विचार करावा, ही विनंती.