कर्ण्याची परीक्षा

घरांत नवें ध्वनियंत्र आलें कीं मंडळी आवडीचें गाणें लावून त्याची परीक्षा करूं लागतात. आमच्या मतें ही परीक्षाच नव्हे. ओळखीच्या स्वरांतील उणीव मन परस्पर भरून काढतें. परीक्षेस नीरस आवाजच हवा. ‘पिंक नॉइज’ हा धबधब्यासारखा घोष तसा आहे. त्यांत प्रत्येक सप्तकाच्या वांट्यास सारखी शक्ति येते. गोरेगांवीं १९७७ सालीं झालेल्या चित्रनगरींतले चित्रपट ज्या चित्रगृहांत लागतात, तेथील कर्णे याच घोषानें जुळवितात. मध्यभागीं बसून दोन्ही कर्ण्यांतून एकच घोष ऐकावा. तो समोरून, मधोमध न येतां इतस्ततः विखुरला, तर एका कर्ण्याच्या तांबड्या-काळ्या तारा उलट जोडल्या आहेत असें समजावें.

खर्जाचें प्रकरण मात्र खोलीचें. दहा फुटी खोलींत समोरासमोरच्या भिंतींमध्यें सेकंदास सुमारें ५७ कंपनांचा स्वर घुमतो. भिंतीशीं बसलेले आजोबा आवाज कमी करावयास सांगतात, मधल्या खुर्चीवरील नातू वाढवूं पाहतो; आणि दोघेही खरेंच बोलत असतात! २० पासून २०० कंपनांपर्यंत हळूहळू चढणारा स्वर, बेताच्या आवाजांत, दोघांनीं जागा बदलून ऐकावा. मग आजोबांचें आसन हातभर पुढें घ्यावें, कर्णा कोपऱ्यांतून काढावा. दुकानदाराकडे जाण्याचें त्यानंतर पाहावें.