स्पाइक्स पळतात की पाय?

मागच्या महिन्यात जिमखान्याच्या मीटिंगमध्ये चांगलीच गरमागरमी झाली. विषय काय, तर स्पोर्ट्स फंडात उरलेले पैसे. क्रिकेटवाल्यांना नवं किट हवं होतं, ते नेहमीचंच. पण या वेळी एफ.ई.चा एक ज्युनिअर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, दोन जोड सुपरस्पाइक्स घ्या. पाच हजार मीटरमध्ये यंदा मेडल नक्की!" एका जोडाची किंमत किती, तर तेरा हजारांच्या घरात. सगळे खो खो हसले. त्यावर आमच्यातल्याच एकाने ठेवणीतलं वाक्य टाकलं, "अरे, पळतात ते पाय, बूट नाही."

मला दोघांचंही पटलं नाही. मी स्वतः पाच हजार पळतो (मेडल नाही, नुसतं पळतो). पहाटे भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनच्या रस्त्याला लागलं की डोक्यात दुसरं काही नसतं, त्यामुळे यावर बराच विचार झालाय.

आधी थोडं वर्गातलं. फोम स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. असं म्हणालात तर व्हायवामध्ये वाट लागेल! पाय टेकताना फोम दबतो, त्यात ऊर्जा साठते आणि उचलताना त्यातली काही परत मिळते. किती परत मिळते, एवढाच प्रश्न. नायकीचा व्हेपरफ्लाय हा रस्त्यावरचा बूट २०१७ मध्ये आला. मशीनवर दाबून पाहिलं तर तो ८७ टक्के ऊर्जा परत देत होता. जुन्या ईव्हीए फोमच्या शर्यतीच्या बुटात हाच आकडा ६५ च्या आसपास. कोलोरॅडो विद्यापीठात धावपटूंना तो घालून पळवलं तेव्हा त्याच वेगाला सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली. (अभ्यासाला पैसे कंपनीचेच होते, हेही सांगून टाकतो. पण नंतर इतरांनाही फायदा दिसला.) कार्बन प्लेटचा एवढा गाजावाजा होतो, पण पुढे एका प्रयोगात ती प्लेट चक्क करवतीने चिरून टाकली, तरी ऊर्जेच्या हिशोबात फारसा फरक पडला नाही. म्हणजे खरा हिरो फोम. वजनाला हलका, त्यामुळे जाड थर घातला तरी पायाला जड होत नाही.

हाच फोम २०२० मध्ये ड्रॅगनफ्लायसारख्या स्पाइक्समध्ये आला. त्याआधीच्या स्पाइक्स म्हणजे पातळ पत्र्यासारखा तळ आणि त्याला खिळे. पण स्पाइक्सचा फायदा मोजायचा कसा? शर्यतीच्या वेगात शरीराला ऑक्सिजन पुरत नाही, त्यामुळे श्वास मोजून ऊर्जा काढायची नेहमीची पद्धत तिथे चालत नाही. म्हणून एका अभ्यासात धावपटूंना सांगितलं, तुम्हाला ८०० च्या शर्यतीचा वाटेल त्या वेगाने २०० मीटर पळा. नव्या स्पाइक्समध्ये ते साधारण २ टक्के जास्त वेगाने पळाले. आता पायात काय आहे हे पळणाऱ्याला दिसतंच, त्यामुळे थोडा मनाचाही खेळ असणार. तरी २ टक्के म्हणजे गंमत नाही.

मग जगाचे विक्रम बघू. केनेनिसा बेकेलेने २००४ मध्ये ५००० मीटर १२:३७.३५ मध्ये पळून काढलं. जोशुआ चेप्टेगेईने ऑगस्ट २०२० मध्ये, नव्या स्पाइक्स घालून, १२:३५.३६ केलं. फरक दोन सेकंदांचा, म्हणजे ०.२६ टक्के. शिवाय त्याच्यासोबत ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवेही पळत होते! १५०० मीटरचा हिशाम एल गेरूजचा ३:२६.०० हा १९९८ चा विक्रम तर नव्या बुटांच्या जमान्यातही तसाच उभा आहे. गडबड वाटली ना? आता बायकांचे आकडे घ्या. तिरुनेश दिबाबाचं ५००० मीटर २००८ मध्ये १४:११.१५. बिट्रिस चेबेटचं २०२५ मध्ये १३:५८.०६. तेरा सेकंद, दीड टक्का. दरवर्षीच्या पहिल्या शंभर वेळा तपासणाऱ्या अभ्यासातही बायकांची सुधारणा पुरुषांपेक्षा ठळक दिसली. तेव्हा "स्पाइक्सने इतके टक्के" असा एकच आकडा सांगणारा दुकानदार असो नाहीतर सिनिअर, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता आपल्या माणसाकडे येतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनी यांचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच होता. साबळेने तो सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला, ८:२९.८०. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोह्याला तो ८:२१.३७ वर पोचला. तेरा महिन्यांत साडेआठ सेकंद, आणि तेव्हा हे स्पाइक्स दुकानात आलेही नव्हते! त्यानंतर जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१. म्हणजे आणखी साडेअकरा सेकंद, पण त्याला पावणेपाच वर्षं लागली. या साडेअकरांत बूट किती, उंचावरचा सराव किती, परदेशातल्या तगड्या शर्यती किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण पहिल्या साडेआठ सेकंदांचं श्रेय कुठलाही फोम घेऊ शकत नाही.

इथे "पाय पळतात"वाले टाळ्या वाजवतील. थांबा! साबळे लहानपणी शाळेला रोज सहा किलोमीटर पळत जायचा, ही गोष्ट आपल्याकडे भाषणात फार लाडाने सांगतात. ऐकायला छान वाटते आणि खर्चही वाचतो. पण तो पुढे आला तो सैन्यात गेल्यावर. तिथे कोच मिळाला, खुराक मिळाला, ट्रॅक मिळाला. बुटाला नावं ठेवणारे बहुतेक वेळा यातलंही काही द्यायला तयार नसतात. आमच्या मीटिंगमध्ये हसणाऱ्यांपैकी किती जणांनी आम्हाला ट्रॅकवर न्यायची भाषा केली? शून्य.

आमच्या ज्युनिअरची वेळ १७:४०. एक टक्का धरला तर दहा-साडेदहा सेकंद. इंटरकॉलेजिएटला दहा सेकंदांत दोन-तीन नंबर सहज हलतात, म्हणून त्याचा हट्ट अगदीच वेडा नाही. पण तो सराव करतो मातीवर आणि डांबरावर. सिंथेटिक ट्रॅकवर वर्षातून एकदा पाय ठेवतो, तोही थेट शर्यतीच्या दिवशी. पहिल्या चार फेऱ्या उसळून पळतो आणि उरलेल्या साडेआठ फेऱ्या भोगतो. मागच्या वर्षी त्याची शेवटची फेरी पहिलीपेक्षा वीस सेकंद हळू होती, घड्याळ माझ्याच हातात होतं. हे वीस सेकंद कुठल्या दुकानात मिळतात?

(जाता जाता: रस्त्यावरचे जाड बूट ट्रॅकवर घालायची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर नियम वाचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकच्या शर्यतींना सोलची मर्यादा २० मिलिमीटर आहे. रस्त्याला ४० चालतात.)

तर माझं म्हणणं असं. स्पाइक्सचा फायदा खरा आहे, पण तो तयार झालेल्या पायांवरचा वरखर्च आहे. दोन जोड घेतले तर ते दोनच मापांच्या पायांना बसणार, बाकीच्यांनी काय बघत बसायचं? त्याच सव्वीस हजारांत आमच्या दहा जणांना महिन्यातून दोनदा मरीन लाइन्सच्या विद्यापीठाच्या ट्रॅकवर नेता येईल. भाईंदर-चर्चगेट रिटर्न तिकीट काही विमानाचं नसतं. वर्षभर एकसारख्या फेऱ्या मारून जो १७ च्या आत येईल, त्याला खुशाल घेऊन द्या. त्या दिवशी क्रिकेटवाल्यांशी भांडायला मी पुढे असेन.

मीटिंगनंतर ज्युनिअर मला कट्ट्यावर भेटला. म्हणाला, "दादा, कॉलेज देत नसेल तर मी घरी केटीची फी सांगून पैसे काढतो." त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आधी रविवारी पहाटे साडेपाचला स्टेशनवर ये, पहिली फेरी ८५ सेकंदांच्या आत पळायची नाही. तो येतोय. साध्या बुटात.

– टी.ई. मेकॅनिकल