ड्रायव्हरच्या चौकटीपुढे दोन ओळी लिहा

मा. श्री. सत्या नाडेला
अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, मायक्रोसॉफ्ट



विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ऑप्शनल अपडेट्स असे आत गेले की ड्रायव्हरची यादी दिसते. चिप बनवणाऱ्या कंपनीचे नाव, ‘डिस्प्ले’ हा शब्द, एक लांबलचक आकडा आणि शेजारी रिकामी चौकट. वर एक वाक्य असते : काही विशिष्ट अडचण असेल तर यातला एखादा ड्रायव्हर उपयोगी पडू शकेल. ज्याचा संगणक काम करता करता हँग होतो त्याला अडचण आहेच. त्या चौकटीत टिचकी मारायची की नाही, हे ठरवण्यापुरती माहिती मात्र तिथे नाही. ती तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पाने लावतो. या धंद्यात टेबलाखालचा डेस्कटॉप लागतो आणि तो बहुधा असेंबल केलेला असतो. मदरबोर्ड एका दुकानातला, ग्राफिक्स कार्ड कुणाचे तरी वापरलेले, एसएमपीएस बजेटमध्ये बसेल तो. असा संगणक छपाईच्या तोंडावर हँग होऊ लागला की विचारायचे कुणाला? तयार ब्रँडेड संगणकाला निदान एक कंपनी असते, एक फोन नंबर असतो. इथे प्रत्येक भागाचा मालक वेगळा आणि प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे. त्या गर्दीत पहिला सल्ला हमखास मिळतो : ‘ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करून बघा.’ त्याला पैसे पडत नाहीत आणि कॅबिनेट उघडावे लागत नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या मशिनचा भरवसा नाही, त्यावर पडदा चालवणारा प्रोग्रॅम काढून दुसरा बसवायचा, ही किरकोळ गोष्ट नाही. ड्रायव्हर अर्धा बसलेला असताना मशिन हँग झाले तर आधी काम अडत होते, आता पडदाच येत नाही.

हँग होण्याचे प्रकारही वेगवेगळे असतात आणि निर्णय त्यावर अवलंबून असायला हवा. एक प्रकार असा : पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो आणि चालू असलेला प्रोग्रॅम बंद पडतो. ही तुमच्याच लोकांनी विंडोज विस्टापासून केलेली सोय. ग्राफिक्स कार्डाला दिलेले काम दोन सेकंदांत पुढे सरकले नाही, तर विंडोज कार्डाला आणि ड्रायव्हरला नव्याने सुरू करते. ते जमले तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद होते. नाही जमले तर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’चा निळा पडदा. ही दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत वाढवा, असेही लोक सुचवतात. जड रेंडरिंगसाठी ते ठीक असेल, पण हँग होणाऱ्या संगणकावर त्याने बहुधा फक्त ताटकळण्याचा वेळ वाढतो.

दुसरा प्रकार अधिक वाईट. चित्र जागच्या जागी थिजते, माऊस हलत नाही, स्पीकरमधून एकच घरघर येत राहते आणि नम लॉक दाबले तरी दिवा बदलत नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो; इथे त्याचाही उपयोग होत नाही. बटण दाबून मशिन बंद करावे लागते आणि लॉगमध्ये उरते फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’, म्हणजे मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच. अशा वेळी ड्रायव्हरचा दोष असू शकतो, पण मी आधी एसएमपीएसकडे, रॅमकडे आणि पंख्यात साचलेल्या धुळीकडे बघेन. आणखी एक प्रकार म्हणजे माऊस हलतो, पण फोल्डर उघडत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो. तिथे ड्रायव्हर बदलण्याच्या आधी डेटाची प्रत काढावी.

पहिल्या प्रकारातही ड्रायव्हरच गुन्हेगार, असे ठरत नाही. कार्ड तापले असेल, त्याला पुरेशी वीज मिळत नसेल, त्याची मेमरी बिघडली असेल, तरी लॉगमध्ये नाव ड्रायव्हरचेच येते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, तोही भरपूर मेमरी असलेल्या कार्डांवर. लोक ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत राहिले. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने अशा ग्राहकांना इंटेलकडे बोट दाखवले. पुढे इंटेलने मान्य केले की प्रोसेसर नको तितका व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली; पण ज्या प्रोसेसरांची झीज आधीच झाली होती ते या दुरुस्तीने बरे होणारे नव्हते, ते बदलून घ्यावे लागले. त्या काळात ज्यांनी पुन्हा पुन्हा ड्रायव्हर बदलले, त्यांची काय चूक? पडद्यावरचा शब्द न् शब्द ग्राफिक्सकडे बोट दाखवत होता.

ड्रायव्हर कधीच अपडेट करू नये, असे माझे म्हणणे नाही. तो कर्नलमध्ये चालतो, त्यामुळे त्यातले सुरक्षेचे भोक साध्या प्रोग्रॅममधल्या भोकाहून कितीतरी धोक्याचे. पण नवा म्हणजे बरा, हेही खरे नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यात कार्डाच्या पंख्याचा वेग नीट सांभाळला जात नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या नव्या ड्रायव्हरमुळे काही कार्डांचे पंखे मंद गतीवर अडकले आणि काही दिवसांतच दुरुस्ती द्यावी लागली. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांवर पडदा काळा पडण्याच्या तक्रारी आल्या. एनव्हिडियाने एकामागून एक तातडीच्या दुरुस्त्या काढल्या आणि एप्रिलमधल्या ५७६.०२ मध्ये दुरुस्त्यांची भली मोठी यादी होती. म्हणजे काही महिन्यांच्या आत ‘अपडेट करा’ हा सल्ला एकदा चुकीचा ठरू शकतो आणि एकदा बरोबर. हे सामान्य माणसाने ओळखायचे कशावरून? तुमच्या यादीत ३१.०.१५.५२२२ असे दिसते. तोच ड्रायव्हर कंपनीच्या पानावर ५५२.२२ म्हणून असतो. शेवटचे पाच आकडे जोडून वाचायचे असतात, हे ज्याला कुणी सांगितले त्यालाच कळते. तारखेवरही भिस्त ठेवता येत नाही : विंडोजसोबत येणाऱ्या तुमच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर कित्येक वर्षे २१ जून २००६ हीच तारीख असते. कार्ड बनवणाऱ्याचा ड्रायव्हर मिळाला तर तो वरचढ ठरावा, म्हणून ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे. कारण समजण्यासारखे आहे, पण यादी वाचणाऱ्याला ते कुठे दिसते?

आता तुमच्याकडे काय आहे ते पाहू. प्रोग्रॅम पडला, ड्रायव्हर पडला, निळा पडदा आला की विंडोज त्याचा अहवाल पाठवते. ही व्यवस्था फार जुनी आहे. ‘विस्टा केपेबल’ खटल्यात २००८ मध्ये तुमच्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांत २००७ मधल्या विस्टाच्या नोंदलेल्या क्रॅशची वाटणी होती : सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरकडे, सुमारे १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टकडे, एटीआय आणि इंटेलकडे प्रत्येकी ९ टक्क्यांच्या आसपास. विस्टा नवे असताना, कोणता ड्रायव्हर खरेदी केलेल्या संगणकांना सतावतो आहे, हे ग्राहकाला कळले असते तर किती जणांचा मनस्ताप वाचला असता! तो आकडा लोकांसमोर आला तो न्यायालयामुळे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरची यंत्रे पडली, तेव्हाही ८५ लाख हा अंदाज तुमच्याच कंपनीने दिला. नव्या विंडोजशी एखाद्या ड्रायव्हरचे जमत नाही असे दिसले की तुम्ही तशा संगणकांना ते अपग्रेड देणे थांबवता. म्हणजे कोणत्या ड्रायव्हरचे कोणत्या मशिनशी बिनसते, हे तुम्ही पाहता आणि त्यावर निर्णयही घेता. असेंबल केलेल्या संगणकाच्या सगळ्या भागांकडे एकाच वेळी पाहणारे दुसरे कुणीच नाही.

माझे मागणे मोठे नाही. डिस्प्ले ड्रायव्हरच्या प्रत्येक चौकटीपुढे दोन ओळी लिहा. पहिली ओळ : या ड्रायव्हरमध्ये तुमच्या कार्डासाठी सुरक्षेची दुरुस्ती आहे की नाही. जीटीएक्स १०६० सारखी कार्डे आपल्याकडे अजून भरपूर आहेत. एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवायचे आणि ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायच्या, असे जाहीर केले आहे. अशा कार्डाच्या मालकाला ही एक ओळ पुरेशी होईल. दुसरी ओळ : तुमच्यासारख्या संगणकांवर हा ड्रायव्हर टाकल्यावर हँग होण्याचे प्रमाण घटले, वाढले, की सांगण्याइतकी माहिती अजून जमलेली नाही. ‘माहिती नाही’ हेही उत्तर आम्हाला चालेल. त्यावरूनही थांबायचे की नाही ते ठरवता येते.

आणि शेजारी त्या संगणकाची स्वतःची नोंद दाखवा. रिलायबिलिटी मॉनिटर नावाचे उत्तम साधन तुम्ही विंडोजमध्ये दिले आहे, पण नाव माहीत नसेल तर ते सापडत नाही. या महिन्यात ड्रायव्हर किती वेळा नव्याने सुरू झाला आणि मशिन किती वेळा एकदम बंद पडले, हे दोन आकडे अपडेटच्या पानावर आणले तर पुष्कळ लोक नको असलेला ड्रायव्हर टाकणार नाहीत, सरळ एसएमपीएस तपासायला नेतील. ही माहिती त्याच संगणकावर असते. त्यासाठी कुणाच्या खासगी गोष्टी नव्याने गोळा कराव्या लागत नाहीत. विंडोज मराठीतही मिळते. तेव्हा या ओळी मराठीतही असाव्यात, आणि अशा की दुकानात कामाला लागलेल्या नव्या मुलालाही कळतील.

परतीची वाटही नीट करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे बटण आहे, पण नेमके हवे तेव्हा ते कित्येकदा फिकट झालेले असते, कारण जुना ड्रायव्हर राखलेलाच नसतो. पुष्कळ संगणकांवर सिस्टिम रिस्टोअर बंद असते. डिस्प्ले ड्रायव्हर टाकण्याच्या आधी विंडोजने स्वतःहून जुना ड्रायव्हर जपावा आणि नवा टाकल्यावर पडदा धड आला नाही तर न विचारता जुना परत बसवावा.

चिप बनवणाऱ्या कंपन्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्या तुमच्या भागीदार आहेत आणि त्यांच्या ड्रायव्हरपुढे ‘हँग होण्याचे प्रमाण वाढले’ असे लिहिणे अवघड जाईल. पण तशा ओळीमुळे वाईट ड्रायव्हर दोन दिवसांत मागे घेतला जाईल, आणि त्यात त्यांचेही हित आहे.

हे होईपर्यंत मी ओळखीच्या लोकांना सांगतो ते असे : काम नीट चालले असेल तर ड्रायव्हरला सुरक्षेच्या कारणाशिवाय हात लावू नका. हँग होत असेल तर आधी लॉग बघा, धूळ काढा, रॅमची चाचणी घ्या, शक्य झाल्यास दुसरा एसएमपीएस लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ४१०१ च्या नोंदी सतत येत असतील आणि तापमान ठीक असेल तरच ड्रायव्हर बदला, आणि त्यातही ज्या ड्रायव्हरवर मशिन पूर्वी चांगले चालत होते तो हाताशी असेल तर आधी तो. काम सुरू करण्यापूर्वी फाइलींची प्रत बाहेर काढा आणि मशिन यूपीएसवर असू द्या.

सगळ्या ड्रायव्हरांसाठी हे एकदम करा, असे मी म्हणत नाही. प्रिंटरचे, नेटवर्कचे पुढे बघता येईल. सुरुवात फक्त डिस्प्लेपासून आणि फक्त ऑप्शनल अपडेट्सच्या यादीत करा. विंडोज इनसायडरमध्ये नव्या गोष्टी आधी तपासायला देता, तिथेच हेही देऊन पाहा.

आपला,
पाने लावणारा एक विंडोज वापरकर्ता