व्हिसा हवा, इतिहास नको?

विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा सामाजिक इतिहास पुण्यातल्या महाविद्यालयांत नीट शिकवावा असं म्हटलं, की तीन आक्षेप ठरलेले. आपलाच इतिहास मुलांना धड येत नाही, मग परक्यांची उठाठेव कशाला? तिकडचा वंश आणि इकडची जात यांची सांगड म्हणजे ओढूनताणून आणलेलं साम्य. आणि तिसरा, जरा घुश्शातला: हे बहुसांस्कृतिकतेचं शिक्षण समाजात फूट पाडतं. यातल्या पहिल्या दोहोंत तथ्यांश आहे, म्हणूनच ते हसण्यावारी नेता येत नाहीत.

आधी परकेपणाचं पाहू. गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडणारं हे मराठी पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी सोसलेल्या झळीबद्दल. तिथली गुलामी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. आणि त्याच वर्षी दलित पँथरचे नेते राजा ढाले यांच्या ज्या लेखाने वादळ उठलं, तो छापला पुण्याच्या ‘साधना’ने. आधी आपला इतिहास शिकवा म्हणता? हा आपलाच आहे. त्यातली अमेरिका वगळली तर तो अर्धवट कळेल, इतकंच.

आता तुलनेचं. वंश आणि जात एक नव्हेत, हे मान्यच. गुलामी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून त्यांतला फरक खुद्द आंबेडकरांनी तपशिलाने मांडला आहे. पण फरक कळतो तोसुद्धा तुलना केल्यावरच. शिवाय ही सांगड काही प्राध्यापकांच्या डोक्यातून निघालेली नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद असा, की उच्च जातीचा हिंदुस्थानी म्हणजे आर्य, सबब गोरा, सबब नागरिकत्वाला पात्र. न्यायमूर्तींनी तो फेटाळला: सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा समजतो, त्यात हे बसत नाहीत. म्हणजे जातीचा दाखला वंशाच्या खिडकीवर आपल्याच लोकांनी नेऊन दिला होता. शंभर वर्षांनी, २०२३च्या फेब्रुवारीत, सिॲटल शहराने भेदभावबंदीच्या नियमात जातीचा समावेश केला. जात विमानात बसून गेली, तिच्या अभ्यासाला मात्र मज्जाव, हे कसं चालेल?

राहिला फुटीचा आक्षेप. त्याचं उत्तर आपल्याच अमेरिकावारीच्या इतिहासात आहे. १९२४च्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेचे दरवाजे जवळपास बंद झाले. १९४६ साली फट उघडली ती वर्षाला १०० भारतीयांपुरती. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. मूळ देश पाहून ठरणारा कोटा मोडीत निघाला. शीतयुद्धातली प्रतिमा, कुशल माणसांची गरज ही कारणंही होतीच. पण घरात वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर तोच वेशीवर टिकवणं अवघड झालं होतं. मार खात, तुरुंगात जात कृष्णवर्णीयांनी दिलेल्या लढ्याने हे दार ढकललं, आणि त्यातून आपले डॉक्टर-इंजिनिअर आत गेले. फूट होतीच, लढ्याने ती चव्हाट्यावर आणली. आपण त्याचे लाभार्थी असून ‘सगळं स्वतःच्या हिमतीवर कमावलं’ म्हणत फिरतो.

मग शिकवायचं काय? वीरांच्या गोष्टी नकोत, मूळ कागद हवेत. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका, थिंद खटल्याचा निकाल, आंबेडकर-ड्यू बॉइस पत्रव्यवहार आणि १९६५चा कायदा मुलांच्या हातात द्यावा आणि त्यांना भांडू द्यावं. फरकही तितक्याच चोखपणे शिकवावेत. आपल्याकडे आरक्षणाला राज्यघटनेचाच आधार आहे; तिकडे विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये मोडून काढली. तिथे कुठले युक्तिवाद टिकले, कुठले पडले, हे ज्याला ठाऊक आहे, तो इथल्या आरक्षणाच्या वादात तरी ऐकीव मुद्दे फेकणार नाही.

जीआरईचे क्लास लावणाऱ्या पुण्यातल्या मुलांना आय-ट्वेंटी, एफ-वन, एच-वन-बीचे नियम तोंडपाठ असतात. हे नियम ज्या समाजाने केले, तो कशाकशावरून भांडला, हे त्यांना कुणी सांगत नाही. जाणाऱ्याला ते कळलं तर तिथल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्याकडे तो नाक मुरडून पाहणार नाही. आणि इथेच राहणाऱ्याला कळलं तर स्वतःच्या सोसायटीत भाडेकरूचं आडनाव विचारताना जीभ अडखळेल. अभ्यासक्रमाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये, पण याहून कमीही ठेवू नये.